दारापर्यंत आलेलं कार्ड

१

"तुमचा कॉल कधीच गेलाय की हो," खिडकीतल्या कारकुनानं वहीवर बोट ठेवत सांगितलं. "ज्योतीराम फडतरे, बॉयलर फिटर, मुक्काम रहाटणी. गेल्या गुरुवारीच कार्ड टाकलंय. परवा शुक्रवारी सकाळी दहा वाजता परीक्षा. येताना कार्ड आणायचं. कार्ड नसेल तर पहारेकरी आत सोडायचा नाही."

"पण साहेब, मला कार्ड मिळालंच नाही!"

"ते टपालवाल्याला विचारा. आमच्या वहीत गेलंय म्हणजे गेलंय."

एवढं बोलून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. ज्योतीराम खिडकीशेजारी तसाच उभा राहिला. समोर पेनिसिलिनचा तो नवाकोरा सरकारी कारखाना पसरला होता. चार-पाच वर्षांपूर्वी याच माळावर ज्योतीराम ससे हुसकत फिरला होता, आणि आज तिथं घराएवढाल्या टाक्या उभ्या होत्या. जाडजूड पाइप एका इमारतीतून निघून दुसऱ्या इमारतीत शिरत होते. त्या टाक्यांमध्ये म्हणे बुरशी वाढवतात, शिळ्या भाकरीवर येते तसली बुरशी, आणि तिच्यातून असं औषध काढतात की डॉक्टरनं हात टेकलेला माणूस उठून चहा मागतो! हे सगळं त्यानं दहादा ऐकलं होतं, तरी कारखाना समोर दिसला की त्याचे हात आपोआप जोडले जायचे. एवढ्या कारभाराला वाफ पुरवणारा बॉयलर आपल्या ताब्यात यावा, हे स्वप्न तो अकरा महिने उराशी धरून होता.

अकरा महिने! एस.टी. सुरू झाली, खासगी मोटार कंपनीला टाळं लागलं आणि बारा वर्षांचा फिटर एका दिवसात रिकामा झाला. चौदा ठिकाणी अर्ज केले. चौदाही ठिकाणी अर्जांनी बहुधा चहाच्या कपाखाली जागा मिळवली असावी. शेवटी रहाटणीचं घर विकायला काढलं. दोन खोल्यांचं, काळ्या दगडाचं घर. थोरला भाऊ दत्तोबा पलटणीतून रजेवर आला की दोघं भाऊ मिळून एकेक भिंत चढवायचे. दोन गिऱ्हाइकं आली आणि मोडली. तिसरं गिऱ्हाईक ठरलं. पुण्याच्या कचेरीत खरेदीखत नोंदवायचं आणि सामान बांधून बार्शीला मेहुण्याच्या कापडदुकानात जायचं, असं पक्कं झालं होतं.

आणि खरेदीखताचा दिवस होता तोच. परवाचा शुक्रवार, सकाळी अकरा.

कार्ड मिळालं तर घर वाचण्याची आशा होती. नाही मिळालं तर शुक्रवारी घर जाणार, आणि जोडीला नोकरीही. ज्योतीराम गेटकडे पाठ फिरवून झपाझप चालायला लागला.

२

पोस्टमन सोनबा त्याला नदीच्या उतारावर सापडला. पायातलं पायताण हातात, खाकी पिशवी काखेत.

"सोनबा, माझं कार्ड कुठं आहे?"

"कंचं कार्ड?"

"गेल्या आठवड्यात आलेलं. कारखान्याचं!"

"कारखान्याचं का कशाचं ते मला ठावं न्हाई. विंग्रजी फकस्त नाव-पत्त्यापुरतं येतं मला." सोनबा पाण्याकडे बघत म्हणाला. "एक कार्ड व्हतं. शनवारी दिलं. वैनींच्या हातात दिलं."

"खरं?"

"आई शप्पत."

पण शपथ घेतानाही त्यानं नजर वर केली नाही. ज्योतीरामच्या मनात ते टोचलं. हा सोनबा म्हणजे एरवी बोलघेवडा. एका पत्रामागं चार गावच्या बातम्या सांगणारा. आज त्याच्या तोंडातून शब्द ओढून काढावे लागत होते.

घरी मंजुळा अंगणात गहू निवडत बसली होती. ज्योतीरामनं दारातूनच विचारलं, "शनिवारी नोकरीचं पत्र आलं होतं?"

तिचा हात सुपातच थांबला. "नोकरीचं? नाही हो. नोकरीचं पत्र आलं असतं तर मी गावभर नाचले नसते का?"

आता बघा. चौदा वर्षांच्या संसारात मंजुळा त्याच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं तर जेवायच्या आधीच सांगून टाकणारी बाई ती! तेव्हा खोटारडा सोनबा. आणि सोनबाला खोटं बोलायला लावणारं कोण? ज्योतीराम ओट्यावर बसून डोकं चालवायला लागला, आणि रिकाम्या माणसाचं डोकं चाललं की कुठल्या कुठं चालतं.

घर घेणारा उद्धवराव वीटभट्टीवाला. त्याला घर जवळजवळ फुकटात पडत होतं, आणि सोनबाचा थोरला मुलगा त्याच्याच भट्टीवर कामाला. हा एक. दुसरा इकबाल. मोटार कंपनीतला जोडीदार, त्यानंही याच जागेसाठी अर्ज केलेला. जागा दोन आणि बोलावलेले पाच. एक जण गळाला तर उरलेल्यांचं भलंच की.

इकबालचं नाव मनात आलं तेव्हा ज्योतीरामला स्वतःचीच लाज वाटली. तरी तो उठला आणि तडक चिंचवड स्टेशनच्या वाटेला लागला.

३

स्टेशनाजवळ इकबालची पंक्चर काढायची टपरी होती. ज्योतीराम येताच तो हसून म्हणाला, "ज्योतीभाऊ, आला का तुझा कॉल? माझा शनिवारी आला!"

"तुझा येणारच. माझा मारून तुझा आला."

"काय बोलतोस?"

"सोनबाला काय चारलंस ते सांग!"

इकबालच्या हातातली ट्यूब खाली पडली. "बारा वर्षं एका गाडीखाली पाठ टेकून काम केलं रे आपण," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. ज्योतीरामला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण शब्द सुटून गेला होता.

टपरीमागच्या खोलीतून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले. इकबालचे चाचा, रहिमानचाचा. तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या डाकगाडीत टपाल लावलं होतं. धावत्या डब्यात उभं राहून, एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातानं हजारो पत्रं ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायची. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी उभे राहताना पाय अजून फाकवूनच ठेवायचे, गाडी हलतेय अशा बेतानं.

"आधी बसा," चाचा म्हणाले. "पाणी प्या. माझ्या पुतण्यावर आळ आलाय, तेव्हा हा मामला आता माझाही झाला. इकबाल, तुझं कार्ड आण."

कार्ड हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. अंगठा सावकाश कडेवरून फिरवला. "हे गठ्ठ्याच्या मधलं. वरचं किंवा तळाचं असतं तर सुतळीचा वळ लागला असता. पिंपरीत पडलं, पुण्याला गेलं, तिथं लावलं गेलं आणि उलटं इकडं आलं. तुमचंही असंच फिरून आलं असणार." त्यांनी डोळे उघडले. ज्योतीराम आ वासून बघत होता. डोळे मिटून पत्राचा प्रवास सांगणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

"आता मला सांगा. बायको काय म्हणाली? तुमचे शब्द नकोत. तिचे सांगा."

ज्योतीरामनं आठवून आठवून सांगितलं.

"हं. आणि नोकरीचं पत्र कसं येईल म्हणून तुम्ही तिला सांगून ठेवलं होतं?"

"मोठा खाकी लखोटा येईल म्हणालो होतो. सरकारी मोहोर लावलेला."

"तिला इंग्रजी येतं?"

"मराठी चौथी झालीय. इंग्रजी नाही."

"इंग्रजी पत्र तुमच्याकडे आणखी कुठून येतं?"

"दादाचं. दत्तोबाचं. तो जबलपूरच्या मिलिटरी इस्पितळात आहे, फुप्फुसाच्या दुखण्यानं. तिथला कारकून महिन्याला खुशाली लिहितो, ती इंग्रजीत असते."

चाचांनी दाढी कुरवाळली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो ऐकून ज्योतीरामला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

"शनिवारी सोनबा तुमच्या दारात पाणी प्यायला का?"

४

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी चाचा इकबालच्या सायकलवर मागं बसून रहाटणीला आले. इकबाल त्यांना वेशीवर सोडून निघून गेला. ज्योतीरामकडे त्यानं पाहिलंही नाही.

सोनबा चावडीपुढं पत्रं वाटत होता. चाचांनी त्याला बाजूला घेतलं. "सोनबा, फडतऱ्यांकडे तू नेहमी बसतोस ना?"

"व्हय. वैनी गूळपाणी देत्यात. उन्हाचं बरं वाटतं."

"शनिवारी प्यालास?"

सोनबाचा चेहरा पडला. "न्हाई प्यालो."

"का?"

"घाई व्हती."

"ओट्यावर चढलास?"

"न्हाई. बाहीरनंच दिलं."

"बस. तुला आणखी काही विचारत नाही," चाचा म्हणाले, आणि गंमत अशी की सोनबानं सुटल्यासारखा श्वास सोडला. ज्योतीराम मात्र चक्रावला. चोराला पकडायचं तर त्याची कॉलर धरायची, का त्याच्या तहानेची चौकशी करायची?

तेवढ्यात उद्धवरावांची बैलगाडी समोरून आली. शुक्रवारच्या खरेदीची खात्री करायलाच ते निघाले होते. चाचांनी सरळ विचारलं, "राव, ज्योतीरामाचं नोकरीचं कार्ड गायब झालंय. त्याला नोकरी लागली तर तुमचं घर जाईल. म्हणून विचारतो."

उद्धवराव गाडीतूनच खो खो हसले. "अहो मियाँ, मला घरांचा काय दुष्काळ पडलाय? थेरगावात दोन बघून ठेवलीत. उद्या याचं नाही झालं तर परवा तिकडं इसार देईन. थांबणार मात्र नाही हं, ज्योतीराम. जोशीबुवांनी उद्याचाच मुहूर्त काढून दिलाय. आणि मुहूर्तावर विघ्न आलं तर मी त्या घराकडे ढुंकून बघायचा नाही. आधीच्या दोन गिऱ्हाइकांसारखाच मीही सौदा मोडीन." मग आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "आमच्या मंडळी मात्र तुमच्या मंडळींवर रुसल्यात. रविवारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. चार घरं सोडून घर, तरी आल्या नाहीत. आंब्याची डाळ राहिली म्हणावं!"

गाडी पुढं गेली. चाचा धुरळ्याकडे बघत उभे राहिले.

"हा माणूस खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "चला, आता तुमचं अंगण दाखवा."

५

मंजुळा पाणी आणायला विहिरीवर गेली होती. चाचा घरात शिरले नाहीत. अंगणात पाय फाकवून उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. ज्योतीरामही त्यांच्याबरोबर बघायला लागला. रोजचंच अंगण. काय बघायचं त्यात?

"ही तुळस कोण सांभाळतं?"

"मंजुळाच. सकाळी पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही."

"मग ही अशी का?"

ज्योतीराम जवळ गेला आणि चपापला. तुळशीची पानं मान टाकून लोंबत होती, माती तडकली होती. आणि तिथून दोन हातांवरचा मेथीचा वाफा ओलाकच्च, आज सकाळीच शिंपलेला. मेथीला पाणी घालणारी बाई तुळशीला विसरते?

"जेवण कसं आहे घरात?"

"जेवण?" ज्योतीराम ओशाळला. "पाच दिवस झाले, आमटीला फोडणी नाही. हळदसुद्धा नाही. मी म्हटलं, घर जाणार म्हणून तिचं मन लागत नसेल. म्हणून बोललो नाही."

कुंपणापलीकडे शेजारीण अंबुबाई शेण थापत होती. तिचे कान इकडेच होते हे सांगायला नको. चाचांनी हाक मारली. "बाई, शनिवारी दुपारी या घरात काही वेगळं दिसलं?"

"येगळं काय दिसायचं?" अंबुबाई हात झटकत म्हणाली. "मंजुळा भर दुपारी पुन्यांदा न्हायली, तेवढं. लुगड्यासकट. विहिरीवरच घागर वतून घेतली डोईवरनं. म्या म्हनलं, ऊन लागलं जनू. तवापास्नं देवाचा दिवा बी मलाच लावाया सांगती. म्हनती, हात भाजलाय. कुटं भाजलाय ते काय दिसलं न्हाई बा मला!"

अंबुबाईला यात काही दिसत नव्हतं, पण ज्योतीरामला आता दिसायला लागलं होतं. तुळशीला स्पर्श नाही. देवाला दिवा नाही. फोडणी नाही. हळदीकुंकू नाही. डोक्यावरून अंघोळ.

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"बेटा, तुझ्या घरात चोरी झालेली नाही. तुझ्या घरात पाच दिवस सुतक आहे. आणि ते एकटी तुझी बायको पाळतेय."

६

"दादा!"

जबलपूर. इस्पितळ. इंग्रजी पत्र. ज्योतीराम तिथंच मातीत बसला. ज्या भावानं दगड उचलून उचलून हे घर उभं केलं, तो गेला? आणि आपण पाच दिवस दोन वेळा जेवलो, घर विकायच्या गप्पा मारल्या?

डोक्यावर हंडा घेऊन मंजुळा फाटकात आली. नवऱ्याला तसा बसलेला बघितला आणि ती जागीच थिजली. हंडा तिनं सावकाश खाली ठेवला.

"कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"बेटी, अजून कुणालाच काही कळलेलं नाही," चाचा म्हणाले. "तुलासुद्धा नाही. कार्डाचा कोपरा फाटलेला होता, बरोबर?"

मंजुळानं मान हलवली. आता तिचा बांध फुटला. "सोनबाभाऊजींनी लांबूनच हात पुढं केला. पाणी नको म्हणाले. बघते तर कोपरा नाही. इंग्रजीतलं कार्ड, कोपरा फाटलेलं. आणखी काय असणार हो? उंबऱ्याच्या आत आणलं नाही. वाचता येईना म्हणून फाडलंही नाही. कुणाकडून वाचून घेतलं असतं तर यांना कळलं असतं, आणि कळलं की सुतक लागलं. मग कसला मुहूर्त आणि कसलं खरेदीखत? दोन गिऱ्हाइकं गेली, तिसरं गेलं असतं तर खायचं काय आम्ही? म्हटलं, यांना कळेपर्यंत हे मोकळे आहेत. माझं मी धरते. शुक्रवारी सही झाली की पाय धरून सांगेन, मग मारलं तरी चालेल."

ज्योतीराम तिच्याकडे बघतच राहिला. राग यायला हवा होता. सख्ख्या भावाचं मरण या बाईनं त्याच्यापासून लपवलं होतं! पण राग कुठं सापडेना. पाच दिवस ही बाई एकटीनं ते मरण पोटात घेऊन वावरली. रोज याला वाढलं, याच्याशी हसली, आणि याच्या वाटणीचं सुतकही स्वतःच पाळलं. एवढी ताकद या साडेतीन हात उंचीच्या बाईत आली कुठून? त्याला तिच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटली.

"मरणाची खबर असली की कोपरा फाडून धाडतात, अशी कार्डं मी तीस वर्षं हाताळलीत," चाचा सांगत होते. "कोपरा नसलेलं कार्ड निघालं की आमचा अख्खा डबा गप्प व्हायचा. हिंदू असो, मुसलमान असो, ते कार्ड जो तो हलक्या हातानं ठेवायचा. पोस्टमन ते देताना ओट्यावर चढत नाही आणि त्या घरचं पाणी पीत नाही. सोनबा पाणी न पिता गेला, हे मला समजून घ्यायचं होतं, आणि ते समजलं. म्हणून तो चोर नव्हता. तो घाबरला होता. आता ते कार्ड कुठं आहे, हेही मला माहीत आहे. घरात आणता येत नाही, फाडता येत नाही, हरवूनही चालत नाही. म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर, कुंपणाच्या आत. पाऊस, ऊन, उंदीर लागणार नाही अशा जागी." त्यांची नजर अंगणभर फिरली आणि गोवऱ्यांच्या राशीशेजारी पालथ्या घातलेल्या मोठ्या घमेल्यावर थांबली. "ते घमेलं कधीपासून पालथं आहे?"

मंजुळानं पदर तोंडाला लावला.

ज्योतीराम उठायला गेला. चाचांनी त्याला अडवलं. "तू नको. तुझ्या हाताला लागायला नको म्हणून हिनं एवढं केलं, ते वाया घालवू नकोस. मला तुमचं सुतक नाही. मी काढतो."

७

चाचांनी घमेलं उचललं. खाली सपाट दगड, दगडावर पिवळं कार्ड. ज्योतीरामला ते लांबूनच दिसलं, उजवा कोपरा नसलेलं.

चाचांनी कार्ड वाचलं नाही. आधी त्यांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग कार्ड उन्हात धरलं.

"माणसानं कोपरा फाडला की कागद तंतू सोडतो, कड भुरभुरीत होते," ते म्हणाले. "इथं कड दाबलेली आहे. आणि हा बघा, कोपऱ्यापासून पार मधोमध गेलेला वळ. सुतळीचा. गठ्ठ्याच्या तळाचं कार्ड हे. कुणीतरी घाईत गाठ ओढली आणि सुतळीनं कोपरा कापला. कुठल्या हातानं ओढली ते अल्लाला ठाऊक. हा कोपरा कुणीही फाडलेला नाही."

मग त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. वरचं कारखान्याचं नाव. खाली ज्योतीराम फडतरे, बॉयलर फिटर. शुक्रवार, सकाळी दहा.

ज्योतीराम ओरडला की हसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. "मंजुळा! कॉल! कॉल आहे हा!"

मंजुळाला मात्र त्यातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. ती चाचांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली होती.

"म्हणजे दादा आहेत?"

"या कार्डात त्यांचं नावसुद्धा नाही, बेटी. या आठवड्यात तुमच्या दारात हे एकच पत्र आलंय. सोनबानं सांगितलंय."

"दादा आहेत!" ती म्हणाली, आणि भर अंगणात, अंबुबाईच्या देखत, धाय मोकलून रडायला लागली. पाच दिवसांचं रडणं ते. आवाज न करता साठवलेलं. अंबुबाईही पलीकडून डोळे पुसायला लागली, कशासाठी ते न कळताच.

चाचांनी सोनबाकरवी निरोप धाडून उद्धवरावांना बोलावून घेतलं. उद्धवरावांनी सगळं ऐकलं, दोनदा "अरेच्चा" म्हणाले, पण व्यवहाराला माणूस पक्का. "परीक्षा दहाला, खरेदी अकराला. दोन्ही होत नाही. पाच माणसांत दोन जागा, म्हणजे भरवसा काय? मी तर उद्याच थेरगावात इसार देणार. विचार करून सांग, ज्योतीराम. पुन्हा विचारायला येणार नाही."

ज्योतीरामनं बायकोकडे पाहिलं. परीक्षेत नापास झालो तर नोकरी नाही आणि गिऱ्हाईकही नाही. बार्शीला जायचं तरी हात हलवतच जावं लागणार. घर राहावं म्हणून जीव तुटत होता, पण या विक्रीसाठीच तिनं पाच दिवस जीव जाळला होता. तिला विचारल्याशिवाय त्याला तोंड उघडवेना.

मंजुळानं डोळे पुसले. "राव, घर द्यायचं नाही," ती उद्धवरावांना म्हणाली. "हे घर विकता यावं म्हणून मी जित्याजागत्या दादांना पाच दिवस मेलेलं धरलं. इतकं करून विकायचं असलं तर मला ते नको. नोकरी नाही लागली तर मी तुमच्या भट्टीवर विटा वाहीन."

उद्धवराव गाडीकडे वळले. गाडीत बसताना त्यांनी डोक्यावरचा फेटा मात्र सारखा केला, वडीलधाऱ्यांपुढून निघताना करतात तसा.

शुक्रवारी सकाळी नऊला इकबाल सायकल घेऊन दारात हजर होता. ज्योतीराम खाली मान घालून उभा राहिला. "इकबाल, मी परवा जे बोललो..."

"चाचा म्हणाले, तुला मागं बसवून ने," इकबाल म्हणाला. "मी त्यांना म्हटलं, तो वजनदार आहे. ते म्हणाले, उतारावर तो चालवेल." आणि फसकन हसला. ज्योतीरामला हुंदका आला तो त्यानं खोकल्यात घातला.

पहारेकऱ्यानं कोपरा नसलेलं कार्ड उलटसुलट केलं आणि दोघांना आत सोडलं. बॉयलरघरात पाऊल टाकलं तेव्हा ज्योतीरामची मान आपोआप वर गेली. दोन मजले उंच बॉयलर. जमीन पायाखाली बारीक थरथरत होती. त्याला पाना दिला, व्हॉल्व्ह खोलायला लावला, काचनळीतलं पाणी का नाचतंय ते विचारलं. वाफ कुठून गळतेय ते त्यानं कान लावून ओळखलं तेव्हा पांढऱ्या कोटातल्या साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातल्या वयस्कर साहेबांनी टाचणवहीवरून मान वर केली.

"काम येतं तुम्हाला. पण बॉयलर रात्रंदिवस चालतो. अवेळी बोलावलं तर अर्ध्या तासात हजर व्हावं लागेल. वसाहतीतल्या खोल्या संपल्यात, आणि भाड्याच्या घरातली माणसं आज इथं तर उद्या तिथं. तुमचं घर कुठं आहे?"

ज्योतीरामनं हातातला पाना खाली ठेवला.

"नदीपलीकडे, रहाटणीला," तो म्हणाला. "माझं स्वतःचं आहे, साहेब."